व्याह्यावरची झडती

मी रहेमान. मोटर रिवायंडिंगवाला, जळलेल्या मोटरी नवी तार भरून बांधून देतो. कवठझरीच्या फाट्यावर माहं दुकान हाय, अन् लग्न असो, सभा असो, पोळा असो, माईक अन् भोंगा माहाच ऱ्हायते. पांढरकवड्यापर्यंत कोनालेही पुसा, रहेमानचा भोंगा कसा वाजते. पन आज भोंग्याची तारीफ नाही करायची. आज सदाशिवभाऊची गोठ सांगतो. सांगताना मले राग येईन, तं वाईट वाटून घेऊ नका. राग तुमच्यावर नाही. थोडा कपिलवर हाय, थोडा माह्या सोतावर, अन् बाकीचा सारा दोन्ही गावाइवर.

गावं दोन. कवठझरी मोठी, पळसधरा धाकटा, अन् मधात नाला. ग्रामपंचायत दोघाइची एक, सोसायटी एक, रेशनचं दुकान एक, अन् पोळ्याचं तोरनही एकच. ते कवठझरीच्या आखरावर, गावाची गुरं जमतात त्या पटांगनात, लागे. पळसधऱ्याचे बैल नाला वलांडून येत अन् कवठझरीच्या बैलाइच्या खांद्याले खांदा लावून उभे राहत. माह्या बापाच्या आधीपासून हे असंच चाललं होतं.

सदाशिवभाऊ पळसधऱ्याचा. उंच, वाळका मानूस. पाच एकर वावर, एक बैलजोडी अन् एकच पोरगी, दिपाली. वर्षभर हा मानूस मुका. चहा पाजला तरी ‘बरं’ म्हने, नाही पाजला तरी ‘बरं’. बायको त्याले म्हने, तुमच्यापक्षा बैल जास्त बोलते. पन पोळ्याच्या दिवशी तोरनाखाली त्यानं हात वर केला, का बाप्पा, सारा आखर चूप! चाळीस वर्षं पळसधऱ्याची झडती त्याच्याच तोंडून निघाली.

बाहेरच्याले झडती समजावून सांगा लागते. तोरनाखाली बैल उभे ऱ्हायले का एका बाजूचा मानूस यमकात टोमना हानते, शेवटी ‘हर बोला’ म्हनते, अन् सारे ‘हर हर महादेव’ करतात. मंग ज्याले टोमना लागला त्यानं तिथल्या तिथं यमकातच जवाब द्या लागते. खरं-खोटं कोनी पाहत नाही. बापाले बोला, बायकोले बोला, बैलाले बोला. जवाब भेटला का फिटलं. तोरन तुटलं का राग संपला. झडतीचा राग घरी नेनाऱ्या मानसाले आमच्याकडं कोनी मानूसच समजत नाही.

कवठझरीकडून जवाब देनारा पुंडलिकराव. ठेंगना, पोटाचा, आवाज असा का माह्या भोंग्याची गरजच नाही. दहा-बारा वर्षांमागं तो उपसरपंच होता. त्याची अन् सदाशिवभाऊची जोडी पाह्याले खालच्या गावाइतून लोकं येत. सदाशिवभाऊ म्हने,

‘आंब्याचं तोरन, पळसाचं पान,
पुंडलिकरावले एकच कान!
दुसरा कान कुठं रे गेला?
घरवालीनं ओढून नेला!’

का पुंडलिकराव पोट हालवत पुढं येऊन म्हने,

‘नाल्याच्या काठी बाभळीचं झाड,
पळसधऱ्याचा बैल नुसतंच हाड!
बैल म्हनते मालकाले, कडबा देनं भाऊ,
मालक म्हनते बैलाले, मीच आता खाऊ!’

लोकं हासून हासून लोळत. एका पोळ्याले पुंडलिकरावनं झडतीतच सदाशिवभाऊची पोरगी मांगतली, आपल्या अक्षयसाठी. यमकात मांगतली हो, साऱ्या आखरासमोर! सदाशिवभाऊले यमक सुचलं नाही. डोळ्यात पानी आलं त्याच्या. ‘देल्ली,’ एवढंच म्हनला. असे हे दोघं व्याही झाले. दुसरे व्याही एकमेकाले अहो-जाहो करतात, पाट देतात, टावेल-टोपी देतात. हे दोघं भर बाजारात ‘अबे सद्या’ अन् ‘काय बे पुंड्या’. दिपालीले लाज वाटे. ती म्हने, बाबा, ते माहे सासरे हायेत. सदाशिवभाऊ म्हने, तुहे असतीन, माहा तं पुंड्याच हाय.

मंग हे वेगळं व्हायचं खूळ निघालं. खूळ म्हनतो, पन पळसधऱ्याचं म्हननं काही खोटं नव्हतं. पंचायतीत मेंबर नऊ, त्यात पळसधऱ्याचे दोन. नाल्यावर पूल पाह्यजे असा ठराव सात वेळा झाला, पूल एकदाही नाही झाला. दवाखान्याचं उपकेंद्र कवठझरीत. सदाशिवभाऊची बायको तापानं फनफनली तवा नाल्याले पूर होता. एक दिवस अन् एक रात्र ती पळसधऱ्याच्या काठावरच राहिली. पुंडलिकराव पल्याड गाडी घेऊन उभा होता, पन गाडी काय करन? तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला. पुलापायी गेली असं सदाशिवभाऊ कवाच बोलला नाही. पुलापायी नाही गेली, असंही तो कवा बोलला नाही.

या मागनीचा पुढारी कपिल. सदाशिवभाऊच्या भावाचा पोरगा, राज्यशास्त्रात एमए, अन् घरी रिकामा. मारुतीच्या पारावर उभा राहून म्हने, ‘तिकडं विलायतेत एक अख्खा देश मोठ्या संघातून बाहेर निघाला. सत्तावीस देश एकीकडं, हा एकटा एकीकडं. मतदान झालं, निम्मे हो म्हनले, निम्मे नाही म्हनले, तरी निघाला. मेला का? मंग आपन एका नाल्यापायी काहून बांधून घ्यायचं?’

एका बुढ्यानं पुसलं, ‘मंग आता बरं चाललं का गा त्याहीचं?’

कपिल म्हनला, ‘ते अजून भांडूनच राह्यले.’

सारे हासले. पन ते हासनं काही टिकलं नाही. दोन-तीन महिन्यात असं झालं का रेशनच्या रांगेत बाया एकमेकीकडं पाठ करून उभ्या राहू लागल्या. माह्या दुकानात पळसधऱ्याचा गिऱ्हाईक बसला असला का कवठझरीचा मानूस बाहेरूनच ‘येतो मंग’ म्हनून निघून जाय. मले दोघंही पुसत, रहेमान, तू कोनाकडून? मी म्हनो, मी मोटरीकडून. हुशारी समजत होतो मी याले. आता थू वाटते.

सदाशिवभाऊ कोनाकडूनच बोलत नव्हता. ‘माही पोरगी नाल्यापल्याड हाय,’ म्हने, ‘मी काय बोलू?’ पन पोळा आला अन् कपिल त्याच्या मागं लागला. ‘मोठे बाबा, यंदा गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. नळावर एक कडक झडती होऊन जाऊ द्या.’ त्या उन्हाळ्यात पळसधऱ्याच्या नळाले दीड महिना पानी नव्हतं, हे खरं. पन काहून नव्हतं? मोटर जळून माह्या दुकानात पडली होती. एकदा बांधून देल्ली, आठ दिवसात परत जळली. तांब्याची तार यवतमाळहून यायची होती. हे मले माहीत, सदाशिवभाऊले माहीत, कपिललेही माहीत.

पोळ्याले सदाशिवभाऊनं हात वर केला. माईक मीच धरून होतो.

‘नळाची लाइन आली रे आली,
व्याह्याच्या वावरात आडवी झाली!
गावाच्या नळाले थेंब नाही थेंब,
व्याह्याच्या तुरीले फुटले कोंब!
हर बोला...’

‘हर हर महादेव!’ पळसधरा असा बोंबलला का बैल बुजाडले. पुंडलिकरावही हासला, खोटं कायले बोलू! पोट धरून हासला, मिशीवरून हात फिरवला, अन् माह्या हातातून माईक घेतला. ‘अबे सद्या, आता आयक...’

तेवढ्यात कपिलच्या टोळीच्या पोट्ट्याइनं बोंब ठोकली, ‘वेगळे होऊ, वेगळेच होऊ!’ अन् तोरनाची दोरी ओढली. तोरन खाली. बैल सुटले, धूळ उडाली, लोकं धावले. तोरन तोडनारा मानाचा बैल तिथंच उभा, अन् जवाब पुंडलिकरावच्या तोंडातच राहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं माईककडं पाह्यलं, मंग मले म्हनला, ‘घे गा, ठेव.’

वेळ होती, तिथंच मिटवता आलं असतं. पन कोन्या तरी पोट्ट्यानं मोबाइलवर ती झडती काढली होती. दिवे लागायच्या आत ती साऱ्या ग्रुपवर फिरली. आता घ्या! मोबाइलले काय समजते का ही झडती हाय अन् याचा जवाब बाकी हाय? उमरखेडचे सोयरे, केळापूरचे व्यापारी, सारे पुसू लागले, काय पुंडलिकराव, गावाच्या पान्यावर तूर पिकवता म्हनतात? खरं सांगतो, ती लाइन पळसधऱ्यापर्यंत त्यानंच नेली होती. उपसरपंच असताना बीडीओच्या टेबलासमोर चार-चार घंटे बसून त्यानं ती मंजूर करून घेतली. रस्त्यात जंगलखात्याची जागा येत होती, म्हनून सोताच्या वावरातून खांदू देल्ली, उभ्या तुरीतून. मोबदला नाही मांगतला. म्हने, व्याह्याच्या गावाले पानी चाललं, मोबदला कायचा?

सदाशिवभाऊ माह्या दुकानात येऊन बसला. चहा तसाच पडलेला. ‘रहेमान,’ म्हनला, ‘यमक जुळलं होतं गा. थेंबाले कोंबच येते. दुसरं काय येते?’

मी म्हनलो, ‘भाऊ, जा अन् त्याले भेटून या.’

‘जातो,’ म्हनला. गेला नाही. लाज वाटत होती त्याले. अन् खरं सांगू का, थोडी मजाही वाटत होती. जो मानूस गावाले वर्षभर दिसत नव्हता, त्याले आता पोट्टे ‘वाघ’ म्हनून हाका मारत होते. मानूसच हाय, चढलं असंन.

ग्रामसभा भरली. विषय एकच, पंचायत तोडायची का नाही. भोंगा माहा. कपिलनं मोबाइल आनला, म्हनला, चाचा, जोडा. मी जोडला. हो, मीच जोडला! याच हातानं. ती झडती तीन वेळा वाजली, दोन्ही गावाच्या बायामानसासमोर, पोराबाळासमोर. पुंडलिकराव उठला.

‘सदाशिव,’ म्हनला, ‘लाइन टाकली तवा मोजाची फीत कोनं धरली होती?’

‘मी,’ सदाशिवभाऊ म्हनला.

‘माह्या तुरीच्या किती ओळी गेल्या?’

‘अकरा.’

‘मंग एकदा तोंडानं सांग. पानी मी चोरलं का?’

बस, एवढंच मांगत होता तो मानूस. ‘नाही’ एवढा एक शब्द. सारा पळसधरा सदाशिवभाऊकडं पाहून राह्यला होता. कपिल त्याच्या बाजूलेच उभा. मले वाटलं, आता म्हनते, आता म्हनते. मीही उठून म्हनू शकत होतो का, बावाहो, मोटर माह्या दुकानात पडली होती. पन मले दोन्हीकडची गिऱ्हाइकी होती ना. मी ॲम्प्लिफायरची बटनं पुसत बसलो.

सदाशिवभाऊ खाली पाहून म्हनला, ‘झडतीत खरं-खोटं नसते.’

‘ही झडती नाही,’ पुंडलिकराव म्हनला. ‘ग्रामसभा हाय.’ अन् खाली बसला.

हात मोजले. पळसधऱ्याचे तं सारेच वर. अन् कवठझरीचेही अर्धे वर! चोर म्हनतात, मंग जाऊ द्या बला, हे त्याहीचं म्हननं. सदाशिवभाऊचा हात कोपरापर्यंतच वर आला होता. ग्रामसेवकानं तोही मोजला.

कागद यवतमाळले गेला, तिथून मुंबईले गेला. तेवढ्यात एक पोळा आला. पळसधऱ्यानं आपलं तोरन लावलं, अकरा जोड्या. सदाशिवभाऊनं झडती म्हनली, पोट्ट्याइनं टाळ्या मारल्या. जवाब द्याले पुढं कोनी नव्हतंच. झडती म्हनून झाल्यावरही तो हात वर करून उभाच होता, असं मले सांगितलं लोकाइनं. दिपाली माहेरी येई, भाजीचा डबा आने, भांडे घासून देई. तो पुसे, तुहे सासरे काय म्हनतात? ती म्हने, ‘काही नाही म्हनत, बाबा. तुमचं नावच नाही घेत. मले आधीसारखंच बेटा म्हनतात. रागावले असते तं बरं झालं असतं.’

उन्हाळ्यात मंजुरी आली. पळसधऱ्याची ग्रामपंचायत झाली. समाजमंदिराच्या एका खोलीत टेबल ठेवला, बाहेर पाटी लावली, गुलाल उधळला. मंग? पूल झाला का? आता कवठझरी म्हनते नाला पळसधऱ्याचा, अन् पळसधरा म्हनते नाला कवठझरीचा. आधी एक पंचायत ठराव तरी करत होती. तेल गेलं, तूपही गेलं. अन् कपिल? तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कंपनीत लागला, तिथंच खोली केली. चांगलं झालं त्याचं, मी कोनाचं वाईट नाही चिंतत. पन भेटला तं एक झापड देईन म्हनतो.

यंदाच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सदाशिवभाऊ दुकानात आला. खांदे पार उतरले होते त्याचे.

‘उद्या मी तुमच्या तोरनाखाली येतो,’ म्हनला.

‘भाऊ, उभं नाही करनार. बाहेरच्या गावाचे बैल घ्याचे नाहीत असा ठराव हाय.’

‘नाही तं नाही. मी पुंड्याले झडती देतो. माह्यावरच बांधली हाय. त्याले फक्त धरून हानाची हाय. शिवी दे म्हना, आई काढ म्हना. चार लोकात एकदा मले हानलं का फिटलं, रहेमान. मंग मी मराले मोकळा.’

आला तो. बैलाइले झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेली, नाल्याच्या चिखलानं पाय भरलेले. पोट्टे दोरीपाशी आडवे झाले. ‘काका, ठराव हाय.’ त्यानं वाद नाही घातला. बैल पंचायतीच्या कुंपनाले बांधले अन् एकटाच तोरनाखाली येऊन उभा राहिला. पुंडलिकराव समोरच खुर्चीवर होता. दिपाली आपल्या दारात पूजेचं ताट घेऊन उभी. मी कोनाले न पुसता माईक सदाशिवभाऊच्या तोंडासमोर धरला. एवढं तरी करा लागत होतं मले.

‘घर केलं वेगळं, चूल केली न्यारी,
एकट्याच्या तोंडाले भाकरही खारी!
खोटं बोललं तोंड माहं, जीभ माही झडो,
व्याह्याच्या पायतानाचा मार मले पडो!
हर बोला...’

आवाज फाटला त्याचा. लोकाइनं हळूच, भीत भीत, ‘हर हर महादेव’ म्हनलं. मंग सारे पुंडलिकरावकडं पाहू लागले. मी माईक त्याच्याकडं नेला. मनात म्हनलो, या अल्ला, एक शिवी येऊ दे. एकच येऊ दे.

पुंडलिकराव उठला. टोपी नीट केली. माईक घेतला.

‘पळसधरा ग्रामपंचायतीहून पाहुणे आलेले आहेत,’ म्हनला. असा बोलला जसा स्टेजवर बोलतात. ‘श्री. सदाशिवराव. आपल्या गावाच्या वतीनं आपन त्यांचं स्वागत करू.’

ग्रामपंचायतीच्या शिपायानं दुपट्टा आनला, नारळ आनला. पुंडलिकरावनं सोताच्या हातानं दुपट्टा त्याच्या खांद्यावर टाकला, नारळ हातात देल्ला, दोन्ही हात जोडले. ‘बसा,’ म्हनला, ‘खुर्ची घ्या. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.’ तोंडावर राग नाही, काही नाही. लोकाइनं टाळ्या वाजवल्या. मंग कवठझरीच्या एका पोट्ट्यानं दुसरीच कोनती झडती सुरू केली, अन् थोड्या वेळानं मानाच्या बैलानं तोरन तोडलं.

आखर रिकामा झाला. मी वायर गुंडाळून राह्यलो होतो. सदाशिवभाऊ खुर्चीवर बसलेलाच, खांद्यावर दुपट्टा, मांडीवर नारळ, चहाचा कप हातात. मले पाहून म्हनला, ‘रहेमान, त्यानं मले शिवी काहून नाही देल्ली गा?’

मी वायरीची गाठ मारली. त्यानं चहा पिऊन टाकला, पाहुन्यासारखा पूर्ण पिला, कप खुर्चीखाली ठेवला अन् बैल सोडाले गेला.